सवलत द्या, पण मीटर पाहून

पाणी-वीज वाचवणाऱ्या हरित इमारतींना मालमत्ता करात सवलत द्यावी, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना योग्य आहे, पण नुसत्या प्रमाणपत्रावर सवलत नको. हरित इमारतींच्या ‘ग्रिहा’सारख्या मानांकनात पर्जन्यजल संकलनाला आणि पाण्याच्या पुनर्वापराला गुण असतात. मानांकन मिळाल्यावर पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारा पुनर्भरणाचा खड्डा गाळाने बुजला तर विचारतो कोण? आमच्या सोसायटीतला असाच बुजला आहे. मानांकनाचा फलक मात्र चकचकीत! २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात दरवर्षी पाणी-विजेच्या वापराच्या नोंदी तपासूनच सवलत मिळावी. आणि आराखडे करणाऱ्यांनी आपली जाड मातीच्या भिंतींची माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरेही एकदा पाहावीत. ती मानांकनाविनाच उन्हाळ्यात थंड राहत.

– एक वाचक, लातूर