कोणी कोणाला वाचले: स्पॅनिश कादंबरीविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष स्पॅनिश भाषेतील कादंबरीकारांच्या अभ्यासाला द्यायचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. मात्र सोबतची यादी पाहून थोडी धास्तीही वाटली. सेर्व्हान्तेसपासून निघायचे, एकोणिसाव्या शतकातील गाल्दोसवरून पुढे सरकायचे आणि सालवार चालत कोलंबियाच्या गार्सिया मार्केसपर्यंत पोचायचे, अशी तुझी आखणी दिसते. ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला शोभेल, पण त्या वाटेने गेलेले बहुतेक वाचक निम्म्यात दमतात. माझे ऐकशील तर सनावळी बाजूला ठेव आणि कोणी कोणाला वाचले, हा धागा धरून चाल. या लेखकांनी एकमेकांचे ऋण इतक्या उघडपणे आणि मौजेने मान्य केले आहे की तो धागा शोधायला फार कष्ट पडत नाहीत.

सुरुवात हुआन रुल्फोच्या ‘पेद्रो पारामो’पासून कर. 1955 साली मेक्सिकोत प्रसिद्ध झालेली ही लहानशी कादंबरी आणि तिच्या दोन वर्षे आधी आलेला एक कथासंग्रह, एवढ्याच भांडवलावर रुल्फोची कीर्ती मुख्यतः उभी आहे. तो हालिस्को प्रांतातला. लहानपणीच वडिलांचा खून झाला, काही वर्षांत आईही गेली आणि पुढचे शिक्षण ग्वादालाहारा शहरातील अनाथाश्रमात झाले. पुढे त्याने एका टायर कंपनीत फिरतीच्या विक्रेत्याची नोकरीही केली. ओस पडलेली गावे त्याने डोळ्यांनी पाहिली होती, हे त्याच्या पानापानावर जाणवते.

गोष्ट वरकरणी साधी आहे. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो कोमाला या गावी बापाचा शोध घ्यायला येतो. तिथे जो जो भेटतो तो तो मेलेला असल्याचे हळूहळू उघड होते, आणि कादंबरीच्या मध्यावर वाचकाच्या ध्यानात येते की हुआन स्वतःही मेलेला असून दोरोतेआ नावाच्या म्हातारीबरोबर एकाच खड्ड्यात पुरलेला आहे. इतका वेळ आपण जे वाचत होतो ते त्याने त्या मातीत पडल्यापडल्या तिला सांगितलेले आहे. प्रकरणांना क्रमांक नाहीत, मधे फक्त मोकळी जागा सोडलेली आहे आणि काळ मागेपुढे होतो तेव्हा लेखक सूचनाही देत नाही. पहिल्या वाचनात गोंधळशील. गोंधळ होऊ दे, पात्रांची टिपणे काढत बसू नकोस, आणि लगेच दुसऱ्यांदा वाच.

मार्केसनेही तेच केले होते. 1961 साली तो मेक्सिको शहरात राहायला आला तेव्हा त्याच्या खात्यावर चांगली पुस्तके होती, पण पुढची वाट बंद झाल्यासारखे त्याला वाटत होते. त्याचा कवीमित्र आल्व्हारो मुतिस जिने चढून आला, पुस्तकांच्या गठ्ठ्यातले सर्वांत लहान पुस्तक काढून त्याने मार्केसपुढे टाकले आणि ‘हे वाच, म्हणजे शिकशील’ अशा अर्थाचे काहीतरी दरडावून सांगितले. त्या रात्री दुसरे वाचन पुरे झाल्याशिवाय मार्केसला झोप लागली नाही. बोगोता शहरात विद्यार्थी असताना काफ्का वाचून जो हादरा बसला होता, त्यानंतर असा हादरा हाच, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. त्यानंतर काही वर्षे त्याच्या हातून जवळजवळ काहीच कथात्म लेखन झाले नाही, आणि 1967 साली बुएनोस आइरेस येथून त्याची ‘शंभर वर्षांचा एकांत’ ही कादंबरी बाहेर पडली.

आता एक वाक्य जवळून पाहा. रुल्फोच्या कादंबरीत एके ठिकाणी असे येते की पाद्री रेन्तेरियाला पुष्कळ वर्षांनंतर ती रात्र आठवणार होती, ज्या रात्री अंथरुणाच्या कठीणपणाने त्याला जागे ठेवले होते. मार्केसच्या कादंबरीचे जगप्रसिद्ध पहिले वाक्य काय आहे? पुष्कळ वर्षांनंतर, गोळ्या घालणाऱ्या तुकडीसमोर उभ्या असलेल्या कर्नल औरेलियानो बुएन्दियाला ती दूरची दुपार आठवणार होती, जेव्हा बापाने त्याला बर्फ दाखवायला नेले होते. भविष्यात उभे राहून भूतकाळाकडे पाहण्याची ही क्रियापदाची ठेवण दोघांच्याही वाक्याचा कणा आहे. रुल्फोच्या पुस्तकात हे वाक्य मधेच येऊन जाते. मार्केसने ती ठेवण दारावरच टांगली आणि तिच्या जोरावर सात पिढ्यांचा काळ मुठीत धरला. याला कोणी उसनवारी म्हटले तर माझी हरकत नाही. मला मात्र प्रभाव म्हणजे काय हे या दोन वाक्यांतून जितके कळले तितके समीक्षेच्या ग्रंथांतून कळले नाही.

इथे एक सावधगिरी बाळग. दोन पुस्तके सारखी दिसली की एकावर दुसऱ्याचा प्रभाव आहे, असे म्हणायची आपल्याला घाई असते. मार्केसने अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरचे ऋण मोकळेपणी मान्य केले. पेरूचा कादंबरीकार व्हार्गास योसा तर तरुणपणी फॉकनर हातात पेन्सिल घेऊन वाचत असे. म्हणून समीक्षकांनी रुल्फोलाही त्याच पंगतीत बसवले, तर तो म्हणू लागला की ‘पेद्रो पारामो’ लिहीपर्यंत आपण फॉकनर वाचलाच नव्हता, आपल्याला ओढ होती ती क्नुत हाम्सुनसारख्या उत्तर युरोपीय लेखकांची. लेखक अशा बाबतीत नेहमी खरे बोलतात असे नाही, पण त्याच्या गद्यातील कोरडेपणा पाहिला तर माझा कौल त्याच्या बाजूने पडतो.

मार्केस वाचताना त्याने मित्रांच्या पुस्तकांतून उचलून आणलेल्या पाहुण्यांकडे लक्ष ठेव. मेक्सिकोच्या फुएन्तेसचा आर्तेमियो क्रूस, क्यूबाच्या कार्पेन्तिएरच्या कादंबरीतील व्हिक्तोर ह्यूगचे जहाज, अर्जेंटिनाच्या कोर्तासारचे बाळ रोकामादूर, हे सगळे माकोन्दो या मार्केसच्या काल्पनिक गावाच्या गोष्टीत ओझरते डोकावून जातात. आणि एक गोष्ट खास तुझ्यासारख्या संस्कृतच्या माणसासाठी: बुएन्दिया घराण्याचा सारा इतिहास मेल्कियादेस नावाच्या जिप्सीने आधीच लिहून ठेवलेला असतो, तो चक्क संस्कृतमध्ये, तेही सांकेतिक लिपीत! घराण्याचा शेवटचा वारस ते बाड उलगडतो तेव्हा कादंबरी संपते.

हे परभाषेतले बाड कुठून आले, हा प्रश्न पडला की सेर्व्हान्तेसची ‘दॉन किहोते’ उघडायची वेळ झाली असे समज, आणि पहिल्या भागाच्या आठव्या-नवव्या प्रकरणांपाशी थांब. तलवारी उगारलेल्या आहेत, घाव बसणार, इतक्यात लेखक सांगतो की मूळ हकीकत इथेच तुटली आहे. मग तोलेदोच्या बाजारात एक पोरगा रद्दी विकताना त्याला दिसतो, त्या कागदांत अरबी लिपीतले हस्तलिखित निघते, आणि अरबी जाणणारा एक मोरिस्को (म्हणजे ख्रिस्ती करवल्या गेलेल्या मुसलमानांच्या वंशातला माणूस) ते वाचताना खदखदा हसतो. लेखक अर्ध्या रेआल नाण्याला ती रद्दी घेतो आणि मनुके नि गहू एवढ्या मजुरीवर त्या माणसाला घरी बसवून भाषांतर करून घेतो. इथून पुढची सारी कादंबरी सिदे आमेते बेनेन्हेली या मुसलमान इतिहासकाराच्या नावावर चालते, आणि तो खोटे लिहीत असावा असा टोमणाही लेखक मारतो. 1605 सालच्या स्पेनमध्ये, मोरिस्कोंच्या हकालपट्टीला चार वर्षे उरली असताना, आपल्या नायकाचा इतिहास एका अरबाच्या हाती देणे ही नुसती गंमत नव्हती. सेर्व्हान्तेसने स्वतः पाच वर्षे अल्जियर्समध्ये कैदेत काढली होती.

1614 साली कोण्या टोपणनावाच्या लेखकाने बनावट दुसरा भाग छापला, तेव्हा सेर्व्हान्तेसने पुढच्याच वर्षी आपला दुसरा भाग काढून त्या नकलेचा समाचार कादंबरीच्या आतच घेतला. त्या भागातील पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे. हा खेळ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टर्नने उचलला, आणि स्टर्नचे स्पॅनिश भाषांतर करणारा हाव्हिएर मारिआस याने तो विसाव्या शतकात पुन्हा माद्रिदला आणला. मारिआसची लांबलचक, स्वतःशीच हुज्जत घालणारी वाक्ये वाचशील तेव्हा हा फेरा तुला दिसेल.

कोर्तासार, फुएन्तेस आणि सुरुवातीचा व्हार्गास योसा यांना तू एकत्र घे. साठच्या दशकातील त्यांचा बोलबाला इतका मोठा होता की पुस्तकांपेक्षा त्याचीच चर्चा अधिक होते. व्हार्गास योसाने मार्केसवर 1971 साली भलामोठा प्रबंध छापला आणि लेखकाच्या मानगुटीवर बसलेल्या ‘सांस्कृतिक भुतां’चा हिशेब मांडला. 1976 साली त्याने मार्केसला ठोसा मारला, मैत्री तुटली आणि त्या ग्रंथाचे पुनर्मुद्रणही दीर्घकाळ झाले नाही. भांडणाच्या तपशिलात तू वेळ घालवू नकोस.

त्याऐवजी तुझ्या यादीत एकही बाई नाही, तिकडे पाहा. चिलीच्या मारिया लुइसा बोंबालने 1938 सालीच शवपेटीत पडलेल्या बाईच्या नजरेतून कादंबरी लिहिली होती, म्हणजे रुल्फोच्या सतरा वर्षे आधी. मेक्सिकोच्या एलेना गार्रोची ‘येणाऱ्या काळाच्या आठवणी’ 1963 साली आली. तीत इक्स्तेपेक हे गावच आपली गोष्ट सांगते, आणि मार्केसच्या आधी चार वर्षे तिथे काळ थबकतो. प्रभावाच्या वंशावळीत या दोघी सहसा सापडत नाहीत. त्यांचे पुस्तक घेऊन कोणाच्या दारी जिने चढणारा मुतिस त्यांना मिळाला नाही, असे मला वाटते. वंशावळ शेवटी ज्यांच्या आठवणी छापल्या गेल्या त्यांचीच बनते. तेव्हा रुल्फोचे दुसरे वाचन झाले की मार्केसला हात लावण्याआधी गार्रो वाचून टाक आणि माकोन्दोतले काय काय आधीच इक्स्तेपेकात होते ते मला कळव. तुझ्या पत्रातल्या चिलीच्या कादंबरीकार बोलान्योबद्दल आपले एकमत होणार नाही हे दिसतेच आहे. त्याचे भांडण पुढच्या पत्रात.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र