बॉयलरला परीक्षा, मग रिअॅक्टरला का नाही?

महोदय,

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यात बॉयलर सांभाळणारा अटेंडंट सरकारी परीक्षा देऊन, स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र घेऊन आलेला असतो. त्याच आवारात पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरवर, म्हणजे रासायनिक प्रक्रिया घडवणाऱ्या भांड्यावर, उभ्या असलेल्या ऑपरेटरकडे मात्र असे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेवर देखरेख करायला पात्र, अनुभवी माणूस नेमणे बंधनकारक झाले. पण देखरेख करणारा बहुतेक वेळा दिवसपाळीला ऑफिसात असतो. रात्री दोन वाजता व्हॉल्व्हवर हात असतो तो ऑपरेटरचा, आणि तो पुष्कळदा कंत्राटी असतो.

या पट्ट्यात शिफ्ट इंजिनिअर म्हणून माझी नोकरी झाली. नायट्रेशनची (नायट्रिक अॅसिडबरोबरच्या, उष्णता सोडणाऱ्या प्रक्रियेची) बॅच चालू असताना स्टररची, म्हणजे माल ढवळणाऱ्या पात्याची, मोटर ट्रिप होऊन बंद पडते, हा प्रसंग मी पाहिलेला आहे. अॅसिडचे डोसिंग (थोडे थोडे सोडणे) चालूच राहिले, तर ते न मिसळता साचत जाते. तापमापक शांत दिसतो, म्हणून ऑपरेटरला वाटते सगळे ठीक आहे. सुपरवायझरची बोलणी बसू नयेत म्हणून तो घाईने स्टरर पुन्हा चालू करायला जातो. खरा धोका तिथेच असतो. साचलेला सगळा माल एकदम मिसळतो आणि तासा-दोन तासांत निघायची उष्णता काही मिनिटांत बाहेर पडते. मग भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून फिरणाऱ्या ब्राइनला, म्हणजे थंड मिठाच्या पाण्याला, ती आवरत नाही. आमच्या त्या पाळीतल्या ऑपरेटरने डोसिंग तत्काळ बंद केले आणि स्टररच्या बटणाला हात न लावता मला हाक मारली. त्याला हे एका जुन्या फोरमनने शिकवले होते. तो फोरमन भेटला नसता तर?

हे कॉलेजातल्या केमिस्ट्रीने समजत नाही. एक लिटरच्या फ्लास्कवरून पाच हजार लिटरच्या त्याच आकाराच्या भांड्यावर गेलो की माल पाच हजार पट होतो, पण उष्णता बाहेर जायला लागणारा पृष्ठभाग जेमतेम तीनशे पट वाढतो. लिटरमागे थंडावा सतराव्या हिश्श्यावर येतो. केमिकल इंजिनिअरिंग हा वेगळा व्यवसाय का झाला, याचे मोठे कारण या हिशोबात आहे.

आणि हा व्यवसाय उभा राहिला तो निरीक्षकाच्या फेऱ्यांतून. इंग्लंडमधल्या सोडा कारखान्यांच्या हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या धुराने आसपासची शेते जळू लागली, म्हणून 1863 साली तिथे अल्कली कायदा आला. त्या कायद्याखाली निरीक्षक म्हणून कारखाने पालथे घातलेल्या जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 साली मँचेस्टरला केमिकल इंजिनिअरिंगवर पहिली व्याख्याने दिली. आपल्याकडे 1933 साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोच पुढे माटुंग्याचा यूडीसीटी म्हणून नावाजला. पदवीधर घडवण्याची सोय आपण इतकी आधी केली. ऑपरेटरचे काय?

डोंबिवलीत 23 मे 2024 रोजी स्फोट झाला तेव्हा आधी सगळीकडे ‘बॉयलर फुटला’ हीच बातमी होती. तो रिअॅक्टर होता, हे नंतर समोर आले.

आयटीआयमध्ये ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा ट्रेड शिकवतात. उष्णता सोडणाऱ्या प्रक्रियांवर काम करायला तो किंवा त्याच्या तोडीची परीक्षा सक्तीची करावी, अशी माझी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळकळीची विनंती आहे. परीक्षा मराठीत आणि हिंदीत, तोंडी असावी, आणि ती प्लांटवरच घ्यावी. अनुभवी पण कमी शिकलेल्या ऑपरेटरला त्यात डावलू नये; त्यांच्यातले कितीतरी जण पहिल्या फटक्यात पास होतील. फी मालकाने भरावी. रिअॅक्टरच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

एक निवृत्त शिफ्ट इंजिनिअर, ऐरोली, नवी मुंबई