ताणाची चर्चा, ताटाकडे दुर्लक्ष

महोदय,
परीक्षा जवळ आल्या की मुलांच्या मानसिक ताणावर व्याख्याने होतात. ती काय खातात, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. लोह कमी पडले की थकवा येतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. आणि आपण दोष देतो मोबाइलला. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगला मुले उपाशीपोटी पळतात, मग एनर्जी ड्रिंकवर रात्र काढतात. ते मुलांसाठी नाही, हे डब्यावरच छापलेले असते! पोह्यांना विरोध नाही (इंदुरात राहून कोण करील?), पण लोह मिळायला सोबत मूठभर चणे आणि ते अंगी लागायला वर लिंबू हवे. नैराश्याला अर्थातच डॉक्टर हवा. सरकारी शाळांत किशोरवयीनांना आठवड्याला द्यायच्या लोहाच्या निळ्या गोळ्या खरोखर पोटात जातात का, हे पालकसभेत सांगितले जावे.
- एक पालक, इंदूर