लुगडी बोहारणीला देऊ नकोस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात सुट्टी काढून अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीत जाऊन आले. अलाबामा नदीनं तिला तीन बाजूंनी वेढलंय. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज तिथं राहतात. 1962 साली तिथले कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडच्या कॅमडेनला जायला लागले, तेव्हा नदीतली फेरीबोटच बंद केली. ती परत सुरू व्हायला 2006 उजाडलं. आणि याच वस्तीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या वाकळा शिवत आल्या. हो आई, वाकळाच. जुन्या कपड्यांच्या, थंडीसाठी, घरातल्या माणसांसाठी.

एक वाकळ मी बराच वेळ बघत उभी होते. शेतात घालायच्या पँटींची होती. सगळी निळाई उडून पांढुरकी झालेली आणि मधेच एक गर्द निळा चौकोन. तिथला खिसा उसवून काढला होता, त्याखालच्या कापडाला ऊन लागलंच नव्हतं. मिसूरी पेटवे नावाच्या बाईंनी 1942 मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्याच कामावरच्या कपड्यांची वाकळ शिवली. ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे आहे. 2002 मध्ये ह्यूस्टनला या बायकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, पुढं न्यूयॉर्कलाही गेलं आणि 2006 मध्ये अमेरिकन टपालखात्यानं त्यांच्या वाकळांची तिकिटं काढली. शिवताना या बायका देवाची गाणी म्हणतात. एकीनं उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं. मला तर आपल्या सोप्यात बसल्यासारखंच वाटलं.

म्हणूनच परवा फोनवर तू म्हणालीस, "आजीची लुगडी आता बोहारणीला देऊन टाकते, एखादं पातेलं तरी येईल," तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. आई, देऊ नकोस. त्यातली दोन इरकली आहेत, सूत धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, पदराचं रेशीम अजून लाल. ढाक्याला नोकरीत होते तेव्हा कांथा शिवणाऱ्या बायका भेटल्या. जुन्या साड्या एकावर एक घालायच्या आणि त्यांच्याच काठांतला रंगीत दोरा ओढून काढून त्यानंच धावदोरा घालायचा, अशी त्यांची जुनी रीत. जपानच्या उत्तरेला त्सुगारूकडं कापूस पिकत नाही, शिवाय शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी होती. तिथल्या बायकांनी निळ्या जाड्याभरड्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची इतकी दाट नक्षी भरली की त्यानंच ऊब यावी. लांब कशाला, आपल्याकडंच कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे वाकळाच, बघ. हे सगळं आता लोक अदबीनं जपतात. तुझी वाकळ यांच्या पंगतीतली आहे. कडेपासून सुरू करून आत आत फिरत जाणारा तुझा तो टाका, चारी कोपऱ्यांवर एकसारखा वळणारा, मी कुठल्याही प्रदर्शनात लांबून ओळखीन.

बाबा, आता तुमच्यासाठी. बालीत तेंगानान नावाचं गाव आहे. तिथं उभा आणि आडवा, दोन्ही धागे विणायच्या आधीच गाठी बांधून रंगवतात. विणताना उभ्यावरची लाल खूण आडव्यावरच्या लाल खुणेवर नेमकी बसली पाहिजे, नाहीतर नक्षी फुटते. माग कंबरेला बांधून बसलेली बाई थोडे धागे टाकायची, थांबायची आणि टोकदार काडीनं एकेक धागा केसभर सरकवून जुळवायची. आपल्याकडं गुजरातेतल्या पाटणचा पटोळा असाच होतो. तो गलबतांतून शतकानुशतकं तिकडं गेला आणि तिथल्या घराण्यांनी ठेव म्हणून जपला. तुमची फार आठवण आली. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला, तिथं तुम्ही जॉबर म्हणून, माग दुरुस्त करत, उभं आयुष्य काढलंत, आणि शेडच्या दारातूनच आवाजावरून सांगायचात की कुठल्या मागाचा धोटा अडतोय.

त्याच रात्री तिथं गामेलान हा वाद्यमेळ ऐकला. काशाच्या पट्ट्या, घंटा, ढोल. प्रत्येक संच त्याच्यापुरताच लावलेला असतो, त्यातलं वाद्य दुसऱ्या संचात चालत नाही. बालीत तर जोडीची वाद्यं मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावतात, म्हणजे एकत्र वाजली की सूर थरथरत राहतो. आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबात, गाण्याच्या बैठकीला, तानपुरे जुळेपर्यंत तुम्ही मला एक अक्षर बोलू द्यायचा नाहीत. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, कशी उघडते ते तुम्हीच मला दाखवलंत. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात दरबारगायक होते त्या गावात आपण राहतो, असं तुम्ही छाती पुढं काढून सांगायचात. ते ऐकून ऐकून माझा कान तयार झाला, म्हणून मला परक्या मुलुखातला सूर ऐकू आला.

आता काम सांगते. आईला तिच्या आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या आपल्या घरात दुसऱ्या कुणालाच येत नाहीत, मलाही नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, तेव्हा त्यातलं मोल पुष्कळांना कळलं. आईच्या ओव्या आपण गोळा करायच्या. बाबा, रोज दुपारी जेवणानंतर टीव्ही बंद करून मोबाईल आईच्या समोर ठेवा. दोनच ओव्या घ्या, तिला दमवू नका. ओवी कुणाकडून शिकली, कुठल्या गावची, हे तिला आधी बोलायला लावा. "त्यात काय एवढं" म्हणेल, तरी सोडू नका.

दिवाळीला दोन आठवडे येतेय. आई, लुगडी उन्हात घालून ठेव आणि वाकळेची मोठी सुई शोधून ठेव. मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा ओवायला त्रास होतो म्हणतेस, तर ओवायचं काम माझं. डोळ्यांत थेंब मात्र वेळेवर घाल.

तुमची,
सुमन