साइट बंद आहे, हे तरी सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) बदलून बंद साइट उघडण्याची युक्ती सांगणारा लेख कालच्या पुरवणीत वाचला. सेटिंगमध्ये आकडे बदलले की काम झाले, असे लेखक म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. इंटरनेट कंपनीने फक्त तिच्या डीएनएस सर्व्हरवर साइट अडवली असेल, तर दुसरा सर्व्हर वापरून ती उघडते. पण बऱ्याच कंपन्या जोडणी होताना साइटचे नावच वाचतात आणि तिथेच तोडतात. मग आकडे कितीही बदला, उपयोग नाही.

मला हे २०२२ च्या गणपतीत कळायला हवे होते. वडिलांच्या भजनाचे जुने व्हिडिओ लावायला व्हीएलसी प्लेअर हवा होता. तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची साइट उघडेचना. पडद्यावर नुसते ‘साइट सापडत नाही’. इंटरनेट कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर, ‘राउटर बंद करून चालू करा.’ भाच्याने डीएनएस बदलून पाहिला, तरी तेच. शेवटी दुरुस्तीवाला बोलावला. ‘व्हायरस आहे’ म्हणत त्याने लॅपटॉप फॉरमॅट केला आणि ८०० रुपये घेतले. वडिलांच्या तीन फाइल त्यात गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, आणि वडीलही आता नाहीत.

नोव्हेंबरमध्ये त्या साइटवरची बंदी उठल्याची बातमी आली, तेव्हा कुठे उलगडा झाला. फोनवरच्या एकानेही ‘साइट अडवली आहे’ एवढे तीन शब्द उच्चारले नव्हते.

सरकारला साइट अडवण्याचा अधिकार देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ अ कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले होते की, बंदीच्या आदेशात कारणे लेखी हवीत, म्हणजे त्याला न्यायालयात आव्हान देता येईल. पण याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम सगळी कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. बंदी आहे हेच कळत नसेल, तर वाचकाने कोणत्या आदेशाला आव्हान द्यायचे? २००६ च्या लोकल स्फोटांनंतर मोजकी पाने अडवायला सांगितली असताना कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट ही ब्लॉगची अख्खी साइट बंद केली होती, हे मुंबईकरांना आठवत असेल. पुरवणीत यावर लिहायला हवे होते.

शिवाय कालच्या चौकटीत गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता म्हणून ८.८.८ असे तीनच आठ छापले आहेत. ते चार हवेत. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी तसेच भरले आणि संध्याकाळभर त्यांचे इंटरनेट बंद होते. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार, दादर