टीबी नव्हता, चिखलातला जंतू होता

मा. संपादक,

लावणीचे दिवस आहेत म्हणून लिहितोय. आमचा डिचोलीचा मामा, शुगर आहे, आणि जन्मभर अनवाणीच शेतात उतरलेला. गेल्या पावसात ताप, खोकला, वजन उतरलं, एक्सरेत डाग दिसला, आणि थुंकीत काही सापडलं नसताना एका खासगी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने खाऊनही ताप हटेना. चवथीच्या तोंडावर मांडीला गळू आलं, पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवला तेव्हा कळलं, हा मेलिऑयडोसिस. मामी म्हणाली, "हे कसलं आणि नवीन?"

नवीन कसलं, 1912 साली रंगूनच्या व्हिटमोर आणि कृष्णस्वामींनी लिहून ठेवलंय. जंतू ओल्या मातीत नि साचलेल्या पाण्यात राहतो, आपल्या गोव्याच्या शेजारी उडुपी-मंगळूरकडे याचे पेशंट सापडतातच.

याची खोड वेगळीच. रक्तातली पांढरी पेशी जंतूला गिळते, पिशवीत कोंडते आणि वर पाचक रस सोडून मारते, एवढं आपण शाळेत शिकलो. टीबीचा जंतू तो रस पिशवीत पोचूच देत नाही, आतच ठाण मांडतो. हा तर पिशवीच फोडतो, आणि पेशीचंच प्रोटीन शेपटीसारखं मागे लावून स्वतःला ढकलत शेजारच्या पेशीत घुसतो, मग दोन्ही पेशी मिळून एकच होऊन जातात. बाहेर यायची गरजच नाही, त्यामुळे रक्तातल्या अँटीबॉडी हात चोळत बसतात. दुसऱ्या महायुद्धात लागण झालेल्या एका सैनिकाला 62 वर्षांनी हा आजार उफाळल्याची नोंद आहे!

म्हणूनच आधी किमान 10 ते 14 दिवस शिरेतून इंजेक्शनं आणि वर तीन महिने गोळ्या. मामा पंधराव्या दिवशीच म्हणायला लागला, ताप गेला, आता गोळ्या कशाला. मामीने पेजेच्या वाटीशेजारी गोळी ठेवून समोर बसून गिळायला लावली म्हणून कोर्स पुरा झाला.

माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा सण, बंद करा असं मी म्हणत नाहीय हां. पण शुगरवाल्यांनी गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. आणि डॉक्टरांनी, पावसात शेतात राबणारा शुगरचा पेशंट असेल, थुंकी निगेटिव्ह असेल, तर टीबीच्या गोळ्या लिहिण्याआधी एक कल्चर करून बघावं, लॅबलाही हा संशय कळवावा, कारण तिथं कधीकधी हा जंतू दुसराच समजून सोडून देतात. बियाणं घ्यायला शेतकरी कृषी कार्यालयात जातातच, तिथल्या भिंतीवर याचा एक कागद सरकारने लावला तर बरं होईल.

– एक वाचक, डिचोली