डिस्क ड्राइव्ह वगळण्याची घाई नको

'डिस्क नसलेले कन्सोल हेच भविष्य' असे सांगणारा, व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्रांवरचा (कन्सोल) आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. भविष्य असेलही, पण ग्राहकाच्या हिशेबात तो कच्चा वाटला.

गेमची डिस्क विकता येते, अदलाबदल करता येते. डिजिटल खरेदीत हातात येतो तो केवळ गेम वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे ते बारीक अक्षरांतच राहते. नाशिकमध्ये जुन्या डिस्क घेणारे दुकानदार परवाना कसा विकत घेणार?

डाउनलोडचेही गणित आहे. 100 जीबीचा गेम 50 एमबीपीएसच्या जोडणीवर पूर्ण वेग मिळाला तरी साडेचार तास घेतो. तो वेग संध्याकाळी मिळतो का, हे सिडको-इंदिरानगरच्या रहिवाशांना विचारावे.

अर्थात डिस्क म्हणजे कायमची हमी नव्हे. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद झाले आणि त्याच्या डिस्कही निरुपयोगी ठरल्या, कारण तो इंटरनेटशिवाय चालतच नसे. 'स्विच 2' या निन्टेन्डोच्या कन्सोलच्या काही गेम-कार्डांतही गेम नसतो, तो डाउनलोड करण्याची फक्त किल्ली असते. मात्र ते कार्ड निदान पुढे विकता येते.

सोनीच्या प्लेस्टेशन 5 प्रो या कन्सोलसोबत डिस्क ड्राइव्ह येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. बसवल्यावर पहिल्यांदा नोंदणीसाठी इंटरनेट लागते, हेही विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

— एक वाचक, नाशिक